अंगणवाडीतला खोकला

साथीच्या त्या दिवसांत मला खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. भांडं पडलं, चप्पल घासली, शेजारची म्हैस फुरफुरली, तरी माझी मान वळायची. नवरा म्हणायचा, "तुले आता कुत्रं खोकललं तरी ताप येईन." त्याला हसू यायचं, मला येत नव्हतं. आमच्याच गल्लीतला एक धडधाकट माणूस स्वतःच्या पायानं जीपमध्ये बसून दवाखान्यात गेला होता, तो परत आलाच नाही. तेव्हापासून गावात कोणी खोकललं की माणसं त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघायची.

रिसोडच्या अलीकडे एक खेडं आहे, तिथं मी अंगणवाडी सेविका आहे. कित्येक महिने अंगणवाडी बंद होती आणि मी घरोघरी कोरडा शिधा वाटत फिरत होते. मग ती उघडायची ठरली. एवढ्या लहान लेकरांना मास्क घालायचा की नाही, हे कोणालाच नक्की सांगता येईना. शेवटी गावानंच बसून ठरवलं. तोंड बांधल्याशिवाय लेकरू उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, आणि खोकला दिसला तर त्याला आल्या पावली घरी धाडायचं. मीही मान डोलावली. घरी सासूला दमा होता. मला भीती वाटत होती आणि ती लपवायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

मास्क आणायचे कुठून, हा प्रश्न बायकांनी सोडवला. आमच्याकडे आहेरात आलेला ब्लाउजपीस कोणी शिवत नाही, तो पुढच्या आहेरात जातो. बारशाला आलेला लग्नात जातो, लग्नातला वास्तूला, आणि असा फिरत फिरत कधीतरी देणारणीच्याच घरी येऊन पडतो. सगळ्यांनी पेट्या उघडल्या आणि ते कापड एका शिलाई मशीनखाली घातलं. "हा तं म्या तुह्या नंदेच्या लग्नात देल्ला होता!" एक जण ओरडली. दुसरी म्हणाली, "मंग घे ना वापस, तुह्याच नातवाच्या तोंडाले बांध!" खूप दिवसांनी बायका अशा हसल्या. पोरं मात्र चमकत्या जांभळ्या-पोपटी कापडात गुदमरली. ते कापड इतकं गुळगुळीत की नाकावर ठरेचना. मी दिवसभर "नाकावर! नाकावर!" ओरडायची. अंगणवाडीतली मदतनीस वैतागून म्हणाली, "बाई, तुमी झोपेतबी नाक नाक करत असान." मी तिच्यावरही ओरडले.

त्यात एक पोरगी होती, चारेक वर्षांची. आईबाप वीटभट्टीवर गेलेले, सांभाळायला एकटी आजी. आजी रोज शेतात तण निंदायला जायची. त्या दोघींना अंगणवाडी म्हणजे काय होती, हे मला पाठ होतं. पोरीचं वजन माझ्या काट्यावर कधी धड वाढलं नव्हतं, आणि दुपारची खिचडी हेच तिचं खरं जेवण होतं. सगळ्यांच्या आधी येऊन ती दाराशी उभी राहायची. पहिल्याच आठवड्यात ती खोकलली आणि ठरल्याप्रमाणे मी तिला घरी धाडलं. दुपारी मदतनिसीच्या हाती डबा पाठवला, तर घराला कुलूप. आजी तिला वावरात घेऊन गेली होती. डबा परत आला. संध्याकाळी मी स्वतः गेले, तेव्हा पोरगी उन्हानं लाल होऊन पडलेली होती.

"दिवसभर वावराच्या काठाले धुऱ्यावर निजवली मी तिले," आजी म्हणाली. "एका डोळ्यानं निंदू का एका डोळ्यानं इले पाहू? साप-विंचवाचं रान, बाई."

"बरी झाली की आणा, आजी," म्हटलं आणि निघून आले. रस्ताभर स्वतःशीच भांडत होते. घ्यावी तर बाकीची लेकरं, माझी सासू, गावाचं तोंड. न घ्यावी तर ही पोरगी. रात्री कूस बदलून बदलून सकाळ झाली.

मग ती परत आली, बरी होऊन. आणि हळूहळू एक चमत्कार झाला. अंगणवाडीतला खोकलाच थांबला. सर्दी होती, नाकं वाहत होती, बदलत्या हवेनं अर्धं गाव घसा खाकरत होतं, पण माझी लेकरं गपचिप बसायची. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझा स्वभावच असा की शांतता फार झाली की मला घाम फुटतो. मी पोरांभोवती घिरट्या घालू लागले. याच्या कपाळाला हात लाव, तिच्या पाठीला लाव. कपाळं थंड होती. मदतनीस म्हणाली, "चांगलं चाललं हाय तं त्यातबी तुमाले किडे दिसतेत." पण माझे पाय काही एका जागी ठरत नव्हते.

एके दिवशी सुपरवायझर मॅडम आल्या. खुर्चीवर बसल्या, पोरांकडे पाहून खूश झाल्या. "तुमच्याकडे एकही लेकरू खोकत नाही हो! बाकी गावांत बघा काय चाललंय." मी हसले आणि हसता हसता माझी नजर त्या पोरीवर गेली. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती रडत नव्हती. फ्रॉकखाली तिचं पोट आत-बाहेर हिसके देत होतं. जांभळा मास्क तोंडाशी चिकटायचा, सुटायचा, पुन्हा चिकटायचा. आवाज मात्र जराही नाही.

मी धावले आणि तिचा मास्क ओढून काढला. ओठ निळसर पडलेले, आणि गालात ज्येष्ठमधाची काडी.

"हे काय आहे वं?"

तिच्या शेजारचं पोरगं उठलं, आपला मास्क खाली ओढून त्यानं आ केला. "माह्याजोळबी हाय, बाई!" त्याचं पाहून दुसरं उठलं, तिसरं उठलं. बहुतेक पोरांनी तोंडं उघडून मला आपापल्या काड्या दाखवल्या, एवढ्या अभिमानानं की जणू मी गृहपाठ तपासत होते. एक चिमुरडी म्हणाली, "मायनं सांगतलं, खोकला आला का हे चावाचं अन् गिळून घ्याचं. नाही तं बाई घरी धाडते."

नळावर बायकांनी एकमेकींना सांगितलं होतं आणि मला तेवढं वगळलं होतं. गावानं नियम केला आणि गावानंच आपल्या लेकरांना खोकला गिळायला शिकवलं. मला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना. मॅडम खुर्चीतून उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तव्यासारखी तापली होती.

ती वाचली, हे आत्ताच सांगून टाकते. मला स्वतःला कोणी गोष्ट सांगताना जीव टांगणीला लावून ठेवलेला आवडत नाही. पण त्या वेळी, तिला दवाखान्यात नेताना जीपमध्ये, मला ते माहीत नव्हतं. आजीला वावरातून बोलावून आणलं होतं, तिच्या हाताला अजून माती होती. सगळ्या रस्त्यानं ती एकच गोष्ट बोलत होती.

"तुह्याच खिचडीवर जगते वं बाई हे. घरी धाडली का उपाशी राह्यते. मी म्हटलं, दमानं घे, गिळून घे, दोनपार होईस्तोवर. मले काय मालूम आत काय होऊन राह्यलं?"

मी सारखी ड्रायव्हरला म्हणत होते, "दादा, चालवा ना," आणि तो बिचारा चालवतच होता.

रिसोडच्या दवाखान्यात डॉक्टरनं नळी लावली, पाठ ऐकली, भुवया आवळल्या. छातीत कफ दाटलाय, भरती करावं लागेल, म्हणाला. मग तो पोरीपुढे वाकला, "बाळा, जरा खोकून दाखव." पोरीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "खोकल, माय." तिनं ओठ घट्ट मिटले. डॉक्टर पुन्हा म्हणाला, आजी विनवायला लागली, "खोकल वं बाई, आता खोकल," आणि पोरगी मान हलवून नाही म्हणत राहिली. पोट पुन्हा हिसके द्यायला लागलं. तेवढ्यात डॉक्टरनं पाठीवर थाप मारली आणि इतके दिवस कोंडलेला खोकला एकदम फुटला. तो थांबेचना. बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून लांब सरकली. पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि श्वास सापडताच त्याच हातांआडून मला म्हणाली, "बाई, म्या नाही खोकलली. मले घरी नको धाडू."

"नाही धाडत वं राणी," मी म्हटलं. "खोकल. कितीबी खोकल. कोणीच नाही धाडत तुले घरी." माझा आवाज फाटला होता, बाहेरच्या माणसांनाही तो ऐकू गेला असेल. मी तिच्याजवळ बसले, तिची बोटं धरली आणि एकेक करून सोडवायला गेले. तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत.