मागचं दुसरं सॉकेट

औरंगाबादच्या एका कॉम्प्युटर विक्रेत्याने मला फसवलं. चुकून नव्हे, ठरवून.

परभणीत माझा छापखाना होता. दुसऱ्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत मी मालक झालो, त्यामुळे कुठलीही वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घेत नसे. विद्यापीठाचं नामांतर झालं आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांना नव्या नावाची लेटरहेडं तातडीने हवी झाली. तीही कॉम्प्युटरच्या अक्षरांत. सेलूकडच्या एका कॉलेजचं काम माझ्याकडे आलं आणि मी कॉम्प्युटर घ्यायला निघालो.

विक्रेता भावात हलेना. मी मशीन फिरवून पाठ बघितली. प्रिंटरची केबल लावायला एकच सॉकेट. मला तर दोन प्रिंटर लावायचे होते, बिलांना साधा आणि अक्षरांना लेझर.

"अजून एक सॉकेट टाका, न्हाईतर आमी निघालो."

"शेठ, परभणीची माणसं मशीनची पाठ बघून सौदा करतात, हे आज कळलं," तो हसला. "टाकतो. फुकट. आता तरी बसा!"

मशीन आलं तेव्हा मागे दोन सॉकेटं होती. मी बोट लावून बघितली. त्याच्या माणसाने साधा प्रिंटर पहिल्याला जोडला, लेझर दुसऱ्याला, आणि तसं सेटिंगमध्ये लिहून तो गेला.

लेझरवर पान येईना. स्क्रीनवर एकच उत्तर, प्रिंटर तयार नाही. फोन केला तर म्हणे केबल बदला. बदलली. म्हणे प्रिंटर पाठवा. एसटीच्या टपावर चढवून पाठवला. तिथे तो चालला, इथे आणला की पुन्हा मुका.

"लेझरची केबल पहिल्या सॉकेटला लावून बघू का?" मी विचारलं.

"अजिबात नको, शेठ! बोर्ड जळेल, वॉरंटी जाईल."

मी हात लावला नाही. कॉलेजचा कारकून मात्र दारात येऊन उभा राही.

"मालक, प्राचार्य लय चिडलेत. जुन्या नावावर पत्र धाडता येत न्हाई."

"मशीन बिघडलंय."

"तुमचं मशीन बिघडलं म्हणून नवं नाव थांबलंय का?"

काम नांदेडच्या एका छापखान्याला गेलं. त्याच्यामागे बाकीची कॉलेजंही गेली.

शेवटचं कॉलेज गेलं त्या दुपारी मी संतापून मशीनचे स्क्रू काढले. पहिल्या सॉकेटच्या मागून पट्टीसारखी चपटी केबल आतल्या कार्डाला गेली होती. दुसऱ्याच्या मागे काहीच नव्हतं. पत्र्यावर नुसतं सॉकेट बसवलेलं.

मशीनला स्वतःची पाठ दिसत नाही. मागे काय आहे, कशाला जोडलंय, हे माणसाने लिहून द्यावं लागतं, आणि लिहिलेलं ते खरं धरतं. त्याच्या माणसाने लिहिलं होतं की दुसरं सॉकेट आहे. मशीन त्या पोकळ सॉकेटला विचारत राहिलं आणि दोष प्रिंटरवर घालत राहिलं. मी लेझरची केबल पहिल्याला लावली, सेटिंग बदललं. पान बाहेर आलं. बोर्ड जळला नाही.

फोनवर त्याला शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही सॉकेट मागितलं, मी सॉकेट दिलं. आतल्या वायरीचं बोलणं कुठं झालं होतं?"

बरं, नव्हतं झालं. मग पहिल्या सॉकेटला हात लावू नका, हे कशासाठी सांगितलं? दुसरं पोकळ आहे हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असं सांगत नाही. त्याचं दुकान अजून उघडं आहे, तोही गल्ल्यावर बसतो. माझी कॉलेजं नांदेडला का गेली, याचं उत्तर त्याने द्यावं.