ऑपरेशनच्या दिवशी आई भूमच्या बाजारात

खरं सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात भुताखेतांना थाराच नाही. तरी लिहितोय... कारण त्या दिवशी मी स्वतः आईपाशी होतो.

बहात्तरच्या दुष्काळात आईनं खडी फोडली. पुढं तिचे गुडघे गेले. ऐंशीचं दशक सरता सरता ती घरात बुडावर सरकत फिरायची. मी ढोकीच्या साखर कारखान्यात क्लार्क. मुंबईत गुडघा बदलून मिळतो असं कळलं, तसा तिला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला – हाडांमधली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय. टोकं तासून धातूच्या टोप्या बसवायच्या, मध्ये प्लास्टिक.

"म्हंजी बैलाला नाल ठोकत्यात तसं?" आई म्हणाली.

डॉक्टर हसले. "तसंच समजा, आजी. पण चालायचा व्यायाम तुम्हालाच करावा लागेल. आणि उकिडवं बसणं बंद."

ऑपरेशन दुपारी झालं. संध्याकाळी कळवायला कारखान्यात ट्रंककॉल लावला. बायको तिथंच थांबणार होती, पण फोनवर आली मावशी! ती तर भूमला राहते, तिथल्या बाजारात भाजी विकते...

"आक्का जिती हाय का रं?"

"व्हय मावशी, शुद्धीवर आलीय. चहा मागतीय!"

मावशी रडायलाच लागली, मग हसायला. दुपारी भूमच्या बाजारात आक्का ताठ चालत आली म्हणे, तिच्यापुढं उकिडवी बसली, तिच्या टोपलीतल्या भुईमुगाच्या दोन शेंगा फोडून खाल्ल्या. "सोने, बघ, दुखत न्हाय!" मावशी पाण्याचा तांब्या घ्यायला वळली, तर समोर कुणी नाही. शेजारच्या मिरचीवालीनंही आईला पाहिलं होतं. मावशीच्या मनात नको ते आलं. माल तसाच टाकून तिनं ढोकीची एसटी धरली.

आईला मी यातलं काही बोललो नाही. सकाळी तीच म्हणाली, "काल सोनी दिसली. शेंगा कवापासून इकाय लागली ती?"

मला तर मावशी भाजी विकते एवढंच ठाऊक. नंतर कळलं – शेंगा तिनं त्याच दिवशी पहिल्यांदा आणल्या होत्या.

दुसरा गुडघाही झाला. काही महिन्यांनी आई भूमच्या स्टँडवरून बाजारात चालत गेली. मावशीनं आधी तिला करकचून चिमटा काढला. "आगं मेले!" आई ओरडली, आणि दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाइकं गोळा झाली.

स्वप्न म्हणावं, तर मिरचीवालीनं काय पाहिलं? आईला विचारलं की ती चपला शोधायची. "तू इचार करत बस. म्या जरा फिरून येते."