शेजारणीचं पातेलं

मैत्रिणींनो, दुपारपासून नुसता जळफळाट होतोय.

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत आज जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. विकत घ्यायचं बजेट नाही, म्हणून मी दोन साड्या दिल्या. घसा बसेपर्यंत घासाघीस केली आणि मिळाली चहाची गाळणी!

शेजारच्या वैशालीने नवऱ्याच्या दोन पॅन्ट देऊन हे एवढं मोठं पातेलं घेतलं. वर मलाच म्हणते, "तुला जमतच नाही गं!"

संध्याकाळी तिचा नवरा आमच्या दारात. "वहिनी, दादांची एखादी पॅन्ट द्याल? हिने माझ्या ऑफिसच्याच देऊन टाकल्या. अंगावरची तेवढी उरलीय."

पोट धरून हसले. पण पातेलं काही डोळ्यांसमोरून हलेना.

बाई उद्या परत येणार आहे. ह्यांचा लग्नातला सूट कपाटात नुसता पडलाय. देऊ का? फक्त 'आधी त्यांना विचार' असं सांगू नका.