पंधराव्या होलवर टेकलेला हात

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, कोल्हापुरातल्या संस्थानकाळच्या गोल्फ मैदानावर एका कॅडीला चालू स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं. स्पर्धा मानाची, अजिंक्यपदाची होती. एक फेरी बाकी होती. वर्तमानपत्रासाठी मी तिथे हजर होतो.

कॅडी पन्नाशीचा, मुरगूडकडचा, एकेकाळचा पैलवान. खेळाडूंच्या बॅगा वाहण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर पाय ठेवण्याआधी तो वाकून जमिनीला हात लावी आणि कपाळाला नेई, आखाड्यात उतरताना करतात तसं. वीस वर्षांत त्याला कोणी अडवलं नव्हतं.

त्या दिवशी पंधराव्या होलवर चेंडू हिरवळीच्या कडेला थांबला होता, आणि चेंडू जायचा तो खळगाही त्याच कडेला होता. कॅडीचा हात नेमका दोहोंमधल्या रेषेवर टेकला. बाहेरगावच्या पंचाने खेळाडूला दोन फटक्यांचा दंड केला. नियम मी नंतर तपासला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या रेषेला हात लावायचा नसे आणि कॅडीची चूक खेळाडूच्या नावावर जाई; दंड बरोबर होता.

पुढचं बरोबर नव्हतं. संध्याकाळी संयोजन समितीच्या सचिवाने कॅडीला व्हरांड्याच्या पायरीखाली उभं केलं.

"हात लावलास?"

"व्हय, लावला की. पाया पडल्याबिगर आत जायचं न्हाय, वस्तादानं शिकवलंय."

"ही तालीम नाही."

"तालमीत कायदा कुस्तीआधी सांगत्यात, सायेब."

सचिवाने त्याच्या शर्टावरचा बिल्ला काढून घेतला. नियमांचं पुस्तक क्लबहाउसात असे. कॅडींना आत प्रवेश नाही, अशी पाटी त्याच क्लबहाउसच्या दारावर होती.

खेळाडू पुण्याचा होता. तो म्हणाला, "दंड मला झालाय आणि माझी तक्रार नाही. उद्या मला हाच माणूस हवा."

"स्पर्धेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे," सचिव म्हणाला.

स्पर्धेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर लाल मातीला हात लावणाऱ्या पैलवानाचं चित्र होतं. मी ती सचिवासमोर धरली. त्याने ती घेतली आणि पालथी करून टेबलावर ठेवली.

रविवारी खेळाडूने दुसरा कॅडी नाकारला आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. कॅडी कुंपणाबाहेरच्या रस्त्याने त्याच्या बरोबरीने चालत होता. पंधराव्या होलजवळ पहारेकऱ्याने त्याला परत पाठवलं. खेळाडूने उरलेले होल पूर्ण केले. तो चौथा आला.