चौथेमामांना सेवेची संधी

चौथेमामा आजाऱ्याला भेटायला गेले की आजारी माणूस उशीला टेकून उठून बसायचा. तब्येत सुधारली म्हणून नव्हे. मामांनी आपल्याला आडवं पाहू नये म्हणून. मामांची नजरच तशी होती. समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळायची आणि बांबू किती लांब लागेल ते मनात ठरवून मोकळी व्हायची. मला तर त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं, "तुले इस्पेशल बांबू आनावा लागते बे. दुकानातला पुरत नाही." लग्नाच्या सुटाचं माप घेणाऱ्या शिंप्यानेही माझी उंची इतक्या आपुलकीने पाहिली नव्हती.

नांदुऱ्यात मामांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, मडकी, गोवऱ्या, पांढरं कापड, सगळं एका ठिकाणी. त्याआधी अर्धी हयात त्यांनी धान्याच्या बाजारात मापारी म्हणून काढली. तेव्हापासून गावात कुठेही मयत झाली की तीन खांदे घरचे आणि चौथा मामांचा, हे ठरलेलं. नाव त्यावरूनच पडलं. खरं आडनाव फक्त रेशनकार्डाला माहीत. सामानाचे पैसे ते रोखठोक घेत, खांद्याचे कधी नाही. "खांदा इकाचा नसते," एवढं म्हणून तंबाखू मळायला घेत.

मी पुण्यातल्या कंपनीचं वेबसाइटचं काम घरून करायला लागलो तेव्हा एका दुपारी मामा आमच्याकडे आले. त्यांना इंटरनेटवर पान पाहिजे होतं. पोरं पुण्याला, हैदराबादला. म्हातारे गावात एकेकटे. उन्हाळ्यात रेल्वे लाइनीपलीकडची एक आजी गेली, तिला न्यायला चार माणसं मिळेनात. शेवटी मामांनी स्टेशनबाहेरच्या एका ऑटोवाल्याला चहाच्या कपावरून उठवून नेलं. हे सांगताना मामा हसले नाहीत. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "सगळ्यायले मी उचलतो. मले कोन उचलन?" असं म्हणाले आणि आईने दिलेला चहा बशीत ओतला. त्यांना गिऱ्हाइकं हवी होतीच, पण खरी धास्ती ही होती.

मी त्यांना आमच्या धंद्याचे नियम समजावले. पान एक, वचन एक, बटण एक. आलेल्या माणसाने इकडेतिकडे न भटकता नाव-नंबर देऊन जावं. त्या नंबराला आम्ही लीड म्हणतो. मामांनी मान डोलावली. मग मी नेहमीचा साचा उघडला. नाव, मोबाइल, गाव, आणि 'सेवा कधी हवी?' शेजारी तारीख निवडायला छानसं कॅलेंडर. ब्युटी पार्लरच्या पानावर ते झकास चाललं होतं.

मामांनी त्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "काऊन बे, अगोदर तारीख घेऊन मरते का कोनी?"

कॅलेंडर गेलं. 'समाधानी ग्राहकांचे अभिप्राय' हा रकानाही काढावा लागला, कारण उघड आहे. राहिलं ते 'फोन लावा' असं मोठं बटण. पण मामांच्या डोक्यातूनही काही कमी रत्नं निघाली नाहीत. त्यांना वर स्वतःचा फोटो हवा होता, तोही भाच्याच्या लग्नातला, गॉगल लावलेला. आणि फोटोखाली ठळक अक्षरात, 'एकदा सेवेची संधी अवश्य द्या'. मी हात जोडले. म्हटलं मामा, हे वाचून लोक मारतील. ते म्हणाले, गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर हेच असतं, कोणाला मारलं का? वाक्य राहिलं. गॉगलही राहिला.

खरं भांडण दुसऱ्या बटणावरून झालं. कोणाच्याही मयतीला खांदा द्यायची ज्याची तयारी आहे, त्याने आपलं नाव तिथे लावावं, असं मामांचं म्हणणं. बटणावर लिहायचं 'मी पण येतो'. मी सांगून सांगून थकलो की दोन बटणं ठेवली तर माणूस गोंधळतो आणि एकही दाबत नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पान तुहं, मयत माही." दुसरं बटण लागलं.

पान सुरू झालं त्या सकाळी मामांनी जो घोळ घातला तो नांदुरा अजून विसरलेला नाही. उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'शुभ सकाळ', खाली गॉगलमधले मामा, 'एकदा सेवेची संधी अवश्य द्या' आणि लिंक, हे त्यांनी फोनमधल्या झाडून सगळ्यांना पाठवलं. त्यात तहसीलमधून रिटायर झालेले बडेबाबूही होते, जे खामगावला दवाखान्यात सलाइन लावून पडले होते. बडेबाबू संतापाने असे बरे झाले की डॉक्टरही चाट पडले. सुट्टी मिळताच ते घरी न जाता थेट दुकानावर गेले आणि "संधी मीच देतो तुले" म्हणत एक बांबू उपसला. लोकांनी मधे पडून सोडवलं.

गावभर शिव्या. ज्याने त्याने ते पान शिव्यांसकट बाहेरगावच्या पोराबाळांना पाठवलं, की पाहा, मामाचं डोकं फिरलं. आणि त्या पोराबाळांनी गुपचूप नंबर सेव्ह करून ठेवला. मग हळूहळू फोन यायला लागले. माझ्या कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. फोन उचलला की मामा पत्ता विचारत नसत. पहिला प्रश्न, "तुमच्याजवळ कोन हाय आता?" पलीकडचा रडायला लागला की म्हणत, रडा, पण फोन ठेवू नका. तेवढ्यात इकडे हाताने बांबू निवडणं चालूच.

'मी पण येतो'वरही नावं लागत गेली. पंक्चरवाला, सलूनवाला, तो ऑटोवाला. आणि एके दिवशी चक्क बडेबाबू. मी विचारलं तर म्हणाले, लक्ष ठेवायला पाहिजे त्याच्यावर.

या हिवाळ्यात एका सकाळी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत मामा ओट्यावर बसले आणि तिथेच गेले. मी 'मी पण येतो'मधल्या सगळ्यांना निरोप पाठवला आणि मामांच्या दारात उभा राहिलो. कोणी आलंच नाही तर? पण थोड्याच वेळात गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही.

आणि मग लक्षात आलं की तिरडी बांधता कोणालाच येत नाही. आम्ही सगळे खांदा देणारे. बांधायचे ते मामाच. एक बांबू लांब निघाला, एक आखूड. पंक्चरवाला म्हणे ट्यूब कापून आणतो, सलूनवाला गाठ मारी आणि ती सुटे. जो तो दुसऱ्याला अक्कल शिकवत होता. शेवटी बडेबाबू वैतागले. "हटा बे, थांबा जरासे," म्हणत त्यांनी मोबाइल काढला, ते पान उघडलं आणि 'फोन लावा' दाबलं. "मामालेच इचारतो."

कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळे गाठ सोडून उत्तराची वाट पाहत उभे राहिलो. तेवढ्यात घरात, मामांच्या अंथरुणाशेजारच्या कोनाड्यात फोन वाजायला लागला.

पूर्ण वाजून तो बंद पडला. बडेबाबूंनी कानाचा मोबाइल बराच वेळ काढला नाही. मग खाली बसून त्यांनी दोरी हातात घेतली, आणि ते ढसाढसा रडले.

तिरडी वाकडीच झाली. त्यात मी उंच, त्यामुळे माझा कोपरा वर गेला आणि मामा एका अंगाला कलले. त्यांनी पाहिलं असतं तर आम्हाला आयमाय आठवून दिली असती. मला मात्र चार पावलंही धड चालू दिलं नाही. मागून कोणीतरी मला बाजूला सारून आपला खांदा लावला, त्याला आणखी कोणी सारलं. स्मशानापर्यंत हेच चाललं होतं. मामांचा चौथा खांदा कोणाचा होता, हे आज मला विचाराल तर सांगता येणार नाही.