दोन दारांमधला मुलूख

आमच्या सासऱ्यांकडे नुसती पिशवी मागून बघा. “पिशवी, थैली, झोळी, बटवा…” एवढं म्हणून होईपर्यंत खालचा भाजीवाला गाडी घेऊन पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. सगळी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत झाली, त्याचं हे फळ. निवृत्तीनंतर तरी आमची सुटका होईल असं मला वाटलं होतं, तर कचेरीनं कामच घरी पाठवायला सुरुवात केली.

या कामात सासूबाईही आहेत. कचेरीत दोघांची टेबलं शेजारीशेजारी होती. बाबा अर्थ लिहायचे आणि त्या तपासायच्या, म्हणजे खरं तर खोडायच्या. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही शब्द छापायला जात नाही, तसा नियमच आहे. लग्न झाल्यावर घरातही हाच कारभार सुरू झाला. बाबा दहा शब्द बोलायचे, त्या आठ काढून टाकायच्या आणि उरलेल्या दोनांत दोघांचं झकास भागायचं.

मग सासूबाईंची आई गेली. सकाळी फोन आला. त्या फोन ठेवून बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “अहो, आई गेली.” बाबा चष्मा पुसत होते. मान वर व्हायच्या आधीच त्यांचं तोंड सुरू झालं, “गेली, वारली, निवर्तली, दिवंगत झाली…”

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आपण काय बोललो ते बाबांना कळलं, पण तोवर जीभ धावून मोकळी झाली होती. सासूबाईंनी चपला घातल्या आणि त्या समोरच्या दारात गेल्या. समोर त्यांची सख्खी बहीण राहते, आमच्या मावशी. दोघी मिळून गावी गेल्या, बाबांना बरोबर येऊ दिलं नाही. सगळं उरकून परतल्या, तेव्हाही सासूबाई मावशींच्याच घरात शिरल्या. आमच्या दाराकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाबांचा मला संताप आला होता आणि दयाही येत होती. ते रोज समोरची बेल वाजवायचे. मावशी दार बोटभर उघडायच्या, “ती झोपलीय,” म्हणायच्या आणि लावून घ्यायच्या. सकाळी जा, संध्याकाळी जा, सासूबाई आपल्या झोपलेल्याच! त्या घरी याव्यात यापलीकडे बाबांना दुसरं काही नको होतं. जेवणावरची वासना उडाली होती त्यांची. रात्री दार लावायला गेले की कडी हातात धरून उभे राहायचे.

काम मात्र थांबलं नव्हतं. बाबांचे कागद समोर पोचवायला आणि खोडलेले परत आणायला मी होते, बिनपगारी पोस्टमन! अशात कचेरीकडून ‘सीमाप्रदेश’ हा शब्द आला. बाबांनी पानभर अर्थ लिहून काढला. शीव म्हणजे गाव संपतं ती जागा. हद्द म्हणजे जिथपर्यंत कुणाचा तरी हुकूम चालतो ती. सरहद्दीवर पहारा असतो, वेशीला दार लागतं, काठाला पाणी लागतं. सासूबाईंनी सगळ्यावर एक लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, “हे टेबलाशी बसून लिहिलेलं आहे. आधी जाऊन पाहा.”

देशाची सीमा आमच्यापासून आगगाडीनं दोन दिवसांवर आणि बाबांना एक मजला चढला तरी धाप लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली वेताची खुर्ची उचलली आणि बाहेर पॅसेजमध्ये, दोन दारांच्या बरोबर मध्ये नेऊन ठेवली. “पाहायला बसतो,” म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

तिथेच चहा, तिथेच पेपर. जिन्यानं येणारा-जाणारा त्यांना वळसा घालून जायचा. मावशींनी दार उघडून तो थाट पाहिला आणि कपडे वाळत घालायचा घोडा आणून थेट खुर्चीला चिकटवला. ओल्या चादरी बाबांच्या खांद्यावर ठिबकायला लागल्या. दुसरा कुणी असता तर भांडला असता. बाबा खूश! “अतिक्रमण!” म्हणाले, “हे तर हवंच!” आणि टिपून घेतलं. मावशींना इतका राग आला की त्यांनी घोडा उचलून परत आत नेला. तर बाबा मागून ओरडतात, “माघार! हेही उत्तम!”

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. “काका, ही सामाईक जागा आहे. इथे खुर्ची चालणार नाही.”

“सामाईक!” बाबांनी त्यांचा हातच धरला. “अहो, हा शब्द माझ्याकडे नव्हता! म्हणजे कुणाची?”

“सगळ्यांची.”

“मग माझीही?”

“तुमची कशी असेल? ती सगळ्यांची आहे!” सेक्रेटरी म्हणाले आणि आपण काय बोललो याचा विचार करत तिथेच उभे राहिले. संध्याकाळी ते स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले. वाद मिटेपर्यंत बसतो म्हणाले आणि रोज यायला लागले. झालं! वरच्या मजल्यावरचा शिंपीही येऊन बसायला लागला. कापडाची किनार म्हणजे सीमाप्रदेशच, तिथेच सगळ्यात आधी उसवतं, असं त्याचं म्हणणं. कुरिअरवाल्यानं एकदा विचारलं, “हे पाकीट उजवीकडचं की डावीकडचं?” बाबा म्हणाले, “मधलं.” तेव्हापासून वाट चुकलेली सगळी पाकिटं तो बाबांच्या मांडीवर ठेवून जायचा. घर माझं आणि दारात ही जत्रा! चहा मात्र मी करायचा.

या सगळ्यात एकच गोष्ट मला बरी वाटायची. समोरच्या दाराला बाहेर पाहायचं काचेचं भोक आहे. बाबा बोलायला लागले की ते भोक काळं व्हायचं. मावशी बुटक्या, त्यांचा डोळा तिथवर पोचतच नाही. मी बाबांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी भोकाला तोंड लावून तिथेच शब्द सुरू केले असते. ते आपले लिहीत राहिले. रेघेला रुंदी नसते, प्रदेशाला असते, तिथे माणसं राहतात, असं बरंच काही. सासूबाईंकडून उत्तर एकच, “अजून पाहा.”

एका दुपारी जनगणनेच्या बाई आल्या. गळ्यात पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला. मी आमच्या घरातली माणसं सांगितली. बाबांचं नाव सांगायला गेले, तर खुर्चीतून आवाज आला, “मी आत राहत नाही.”

“मग कुठे राहता, आजोबा?”

“इथे.”

बाईंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग छताकडे, मग माझ्याकडे. “हे घर नाहीये.”

“नाहीच. प्रदेश आहे.”

“आजोबा, मला अजून दोन इमारती करायच्या आहेत हो!” बाई रडकुंडीला आल्या. सेक्रेटरींनी तेवढ्यात, इथे कुणाची नोंद होऊ शकत नाही, ही सामाईक जागा आहे, असं भाषण सुरू केलं. बाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. “बरं बाबा, तुमचं वेगळं घर धरते. माणसं किती? एकटेच? बायको आहे का?”

मी डोळेच मिटले. आता पत्नी, भार्या, अर्धांगिनी, सहधर्मचारिणी, सगळी वरात निघणार आणि ती त्या दारामागे ऐकू जाणार. भोक काळं झालेलं मी पाहिलं होतं.

बाबा म्हणाले, “आहे. रागावलीय.”

“का?”

“तिची आई गेली. ती मला सांगायला आली, आणि मी उठून तिच्याजवळ गेलो नाही.”

पुढे काही नाही. मी वाट पाहत होते, सेक्रेटरीही पाहत होते. बाबांनी पाकिटं मांडीवर नीट केली आणि खाली पाहत बसले.

समोरची कडी निघाली. सासूबाई बाहेर आल्या, अनवाणी, केसही नीट बांधलेले नव्हते. मागून मावशी “अगं, अगं” करत होत्या. सेक्रेटरी आपल्या खुर्चीतून ताडकन उठले. सासूबाई तीत बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. गावाहून आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, मावशींसमोरही नाही. बाबांनी खुर्ची ओढत जवळ नेली. ओठ हलले त्यांचे, मी पाहिलं, पण आवाज काढला नाही. पाठीवर हात ठेवला फक्त. मग त्या हुंदके देऊन रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, “आई गं, आई गं” करत.

जिन्यात शिंपी थबकला होता. मावशी उंबऱ्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मलाही दिसेनासं झालं.

जनगणनेच्या बाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, मग या आजींना कुठल्या घरात धरू?”

“बाई,” मी म्हटलं, “उद्या या तुम्ही.”