स्टिकर आधी, माणूस नंतर

आमच्या मुलुंडच्या लॅबमध्ये रोज अकरा वाजता पाच मिनिटं डोळे मिटून बसायची पद्धत सुरू झाली, तेव्हा सगळ्यात जास्त वैतागले ती मी. लॅबच्या डॉक्टर मॅडम कुठल्याशा शिबिरातून हे शिकून आल्या होत्या. श्वासाकडे लक्ष द्या, हात जिथे आहे तिथेच मन ठेवा, वगैरे. सकाळी सातपासून उभं राहून लोकांचं रक्त काढणाऱ्या बाईला आता श्वास घ्यायला शिकवणार! मी डोळे मिटायचे आणि संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे.

माझा हात चलाख होता आणि मला त्याचा माज होता. रक्त काढून झालं की समोरच्या माणसाला नाव विचारायचं आणि मगच नळीवर त्याच्या नावाचं स्टिकर लावायचं, असा नियम आहे. पण उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी असली की मी रजिस्टरच्या क्रमाने स्टिकरं आधीच लावून नळ्या ओळीने उभ्या करायचे. पुढचा माणूस, पुढची नळी. इतकी वर्षं झकास चाललं होतं.

एका मंगळवारी अशीच डोळे मिटून बसले होते. भाजी काही सुचेना, म्हणून खरंच श्वासाकडे लक्ष दिलं. आणि सकाळची खुर्ची डोळ्यांसमोर आली. नंबर एका काकांचा होता, पण ते उठून म्हणाले होते, "आजी, तुम्ही बसा आधी." भांडुपहून सुनेबरोबर आलेल्या आजी. शीर सापडेना म्हणून मी त्यांना दोनदा टोचलं होतं. तोंडाने मात्र लॅबमधल्या मैत्रिणीशी रजेचं भांडण चालू होतं. आजींचं रक्त मी काकांच्या नळीत भरलं होतं, आणि काकांचं आजींच्या.

परवा आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि साखरेचा रिपोर्ट बघूनच डॉक्टर ते करणार होते. आजींची साखर वाढलेली असली आणि रिपोर्टात काकांची चांगली साखर आली, तर डोळा जायचा.

बाकीचे शांत बसले होते. मी हळूच उठून दोन्ही नळ्या हातात घेतल्या. स्टिकरं अदलाबदल केली की झालं, कोणाला कळणार होतं? एका स्टिकरची कड नखाने उचललीसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली आणि मी मॅडमना बाहेर बोलावलं.

"स्टिकरं बदलू का?" मी विचारलं.

"नक्की याच दोन नळ्या?"

"जवळजवळ नक्की."

"मग जवळजवळ नक्की डोळा कापायचा का गं?" मॅडम एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन्ही नळ्या फेकल्या. काकांना फोन केला, ते बिचारे उद्या परत येतो म्हणाले. आजींकडे मी स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भांडुपला गेले. सुनेने दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. "म्हातारीला परत उपाशी ठेवलंय ना तुमच्यामुळे," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

आजी खाटेवर बसल्या होत्या. कालच्या हातावर कोपराच्या आत काळानिळा डाग पडला होता. मी त्यांच्याजवळ बसले, कोरी नळी काढली आणि विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता?"

त्यांनी सावकाश सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव आणि न विचारता कोकणातलं गावसुद्धा. मग माझ्याकडे बघून हसल्या. "काल इचारलं असतंस गो चेडवा, तर माझो दुसरो हात तरी वाचलो असतो."

मी सुई हातात घेतली. आजींनी डाग पडलेला हात पदराखाली घेतला आणि दुसरा माझ्यापुढे केला.